सतराव्या गुऱ्हाळाची रेघ

चोवीस गुऱ्हाळं, तीनशे अकरा आधणं.
चुना किती, भेंडीचा चीक किती,
आणि ढेप निवल्यावर रंग पिवळा उतरला की काळपट,
त्याला दहापैकी एक आकडा.
राजारामपुरीत, दुसऱ्या मजल्यावर,
पंखा कागद उडवतो.
मी त्यांवर काकवीची बाटली ठेवते.

पहिल्या तक्त्यात चुन्यापुढं उणे आलं
तशी प्रणोती खुर्चीतनं उठलीच,
"मॅडम, चुना वाईट! लिहून टाकू?"

थांब गं.
हा आकडा फक्त तिथला,
जिथं भेंडी शून्य आहे.
आणि अख्ख्या करवीर तालुक्यात
भेंडीशिवाय पेटलेलं चुलवाण
तू कुठं पाहिलंस?
ओसाड गावच्या पाटलानं दिलेला निकाल तो.

मग आम्ही शून्य उचललं
आणि नेहमीच्या भेंडीवर नेऊन ठेवलं.
उणेचं अधिक झालं.
चुना तोच, रस तोच, आधणं तीच,
आम्ही उभ्या होतो ती जागा तेवढी सरकली.
गुणाकाराचं पद मात्र तसूभर हललं नाही.
मघापासून ते तिसऱ्या ओळीत बसून
एकच सांगत होतं,
चुन्याला एकट्याला गाठून विचारू नका.
चीक भरपूर असेल तर तो रंग उजळतो,
चीक कमी पडला की तोच
गुळाला काळं फासतो.

प्रणोतीनं वहीत लिहिलं, "परिणाम: अवलंबून."
खाली तारीख टाकली.

नंतर रेघा काढल्या, गुऱ्हाळागणिक एक.
कुणाची खालून सुरू, कुणाची वरून;
ते आपण धरूनच चालतो,
कुणाची काहील जुनी, कुणाचा हात जड.
शियेच्या गुऱ्हाळाची तीनच आधणं मिळाली होती.
कमी बोलणाऱ्याला मॉडेल
हाताला धरून गर्दीत आणतं,
तशी ती रेघ गुमान सरासरीशेजारी बसली.
सतरावी बसेना.
बावीस आधणं तिची,
भेंडी भरपूर,
आणि तेवीस जणी चढत असताना
ही एकटी उतरणारी.

रविवारी चिखलीला गेलो.
गुळव्याचं नाव कृष्णात चौगले,
पापण्यांवर चिपाडाची राख,
झाऱ्यानं मळी काढत होता.
"चुना जास्त घालता का हो?"
"घालतो की."
"कधी?"
"पडका ऊस आला, रस आंबूस लागला, की घालतो.
चांगल्या रसाला कशाला घालू?"

मी चुलवाणापासून दोन पावलं मागं सरकले.
आजाऱ्याच्या उशाला औषधाची बाटली दिसली
आणि आम्ही चार महिने
बाटलीलाच बोल लावत होतो.

"आणि बाई, ह्यो नदीकाठ. रान खारवट.
हितं चुन्याचं आन् भेंडीचं जमत न्हाई तुमच्या माळावरल्यासारखं."
म्हणजे तिसरं कुणीतरी होतं त्या दोघांत.
पडका ऊस किती, खारं रान किती,
याची वाटणी बावीस आधणांत होत नाही.
करायला गेले तर आकडे येतील,
मॉडेल कुणाला नाही म्हणत नाही,
पण त्यांची हद्द इतकी रुंद
की तीत दोन्ही उत्तरं मावतील,
उणेही, अधिकही.

"मग तुमचं मशीन काय म्हनतंय?" त्यानं विचारलं.
मी म्हटलं, ते म्हणतंय तुम्ही उलटे आहात.
तो पहिल्यांदा हसला,
मग गडबडीनं काहिलीकडं वळला;
फेस वर आला होता
आणि पाण्यात टाकलेला थेंब
गोळी धरायला लागला होता.
तेवढ्यात त्यानं चुन्याची निवळी घातली,
न मोजता,
ओंजळीत मावेल तेवढी.
प्रणोतीनं माझ्याकडं पाहिलं.
आमच्या तक्त्यात ती ग्रॅममध्ये होती.

परतताना बसमध्ये
कोमट गूळ, वर्तमानपत्राच्या तुकड्यात.
प्रणोतीनं चाखला, जिभेवर घोळवला.
"मॅडम, खारट लागतोय."
मीही खाल्ला.
लागत होता, अगदी शेवटी,
गोडाच्या पाठीमागं.
चवीचा रकाना आम्ही ठेवलाच नव्हता.